नाव ठाऊक नाही ते खडा

आमची बाई कम्प्युटर निवडायची. दुरुस्त करायची म्हणत नाही मी, निवडायची. शनिवारी सुपात इंद्रायणी तांदूळ घेऊन बसायची, खडे काढून झाले की पदराला हात पुसून लॅपटॉप पुढं ओढायची आणि तोही तसाच निवडायची. बाई म्हणजे माझी बायको. पवनानगरजवळच्या आमच्या गावात तिनं तीस वर्षं अंगणवाडी चालवली, म्हणून सगळं गाव तिला बाई म्हणायचं. पुढं मीही तेच म्हणायला लागलो. मी चौथी शिकलेला, तळेगावच्या कारखान्यात पेट्या उचलून म्हातारा झालेला माणूस. घरातली अक्कल तिच्याकडं होती.

लॅपटॉप लेकीचा जुना. कुणाला सातबारा बघायचा असला, निकाल बघायचा असला की माणसं आमच्या ओट्यावर यायची. धरणाकाठी तंबू भाड्यानं देणारा सुदाम एकदा स्वतःचाच लॅपटॉप काखेत मारून आला.

"जयभीम मावशी. काय बी उघडा, आदी जुगाराचं पान येतंय."

"फुकटात पिच्चर उतरवाय गेलतास?"

"न्हाई वो!"

"मग ही पिच्चर उतरवायची जोडणी काय सासऱ्यानं आंदण दिली?"

सुदाम हसला, ती हसली नाही. ब्राउझरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून तिनं बाहेरून चिकटलेल्या जोडण्यांची, म्हणजे एक्स्टेन्शनची, यादी उघडली होती. एकेकीवर बोट ठेवून विचारायची, "ही तू टाकलीस? ही?" तो मान हलवायचा, ती काढून टाकायची. मग कुठल्या पानांना सूचना पाठवायची परवानगी दिली आहे ते बघितलं, ती परवानगी बंद केली. शोधायचं पान कुणी बदललं होतं, ते जागेवर आणलं. "नाव ठाऊक न्हाई ते खडा," ती म्हणाली. "दाताखाली यायची वाट बघायची न्हाई."

मग तिच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली. मी घाबरलो. ती झोपलेली असताना मी एका बोटानं लिहून गाठीवर औषध शोधायला बसलो. एका पानावर बारीक अक्षरात काहीतरी आलं आणि खाली 'परवानगी द्या' असं बटण. दिली. त्या दिवसापासून कोपऱ्यात सारखं यायला लागलं: गाठ विरघळते, कापायची गरज नाही, आजच बोला. पांढऱ्या कोटातला माणूस हसत असायचा. मला तो देवमाणूस वाटला. मी बाईला न विचारता दवाखान्यात फोन केला आणि ऑपरेशन आठ दिवस पुढं ढकललं.

तिला कळलं ते लॅपटॉप उघडल्यावर.

"अहो, ह्यो डॉक्टर तुमाला कुटं भेटला?"

"ह्याच्यातच."

"तुमी त्याच्याकडं गेलता, का त्यो आला?"

"त्यो आला."

"मग खडा."

तारखेचंही मी सांगून टाकलं. वाटलं, आता आरडाओरडा करील. ती एवढंच म्हणाली, "वाचून तरी दाबायचं."

"अक्षरं मुंगीएवढी होती, बाई."

ती भिंतीला उशी लावून बसली आणि तिनं सगळं निवडून काढलं. मधेच धाप लागायची, थांबायची. मी म्हणालो, राहू दे. तर म्हणे, "मी नसताना तुमी परत त्याच्यापुढं बसाल."

ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी ती गेली. आठ दिवसांनी काही फरक पडला नाही असं डॉक्टर म्हणाला. खरं बोलला की म्हाताऱ्याची समजूत काढली, कोण जाणे. मी परत विचारायला गेलो नाही.

लॅपटॉप बरेच दिवस झाकून होता. मागच्या शनिवारी तांदूळ निवडले, जमतील तसे, आणि मग तो उघडला. म्हटलं, तिचं काम आहे, चुकवायचं नाही. तीन ठिपके, यादी. यादीत एकच जोडणी होती. इंग्रजी नाव. मी टाकलेली नव्हती. बाईचा नियम होता, मी काढून टाकली. छाती जरा फुगली.

पान उघडलं तर अक्षरं मुंगीएवढी.

सुदामला हाक मारली. त्यानं बघितलं, डोकं खाजवलं. "आबा, ती अक्षरं मोठी करायची जोडणी व्हती. मावशीनंच टाकली आसंल, तुमच्यासाठी."

मधे, ती असतानाच, अक्षरं मोठी दिसायला लागली होती खरी. मला वाटलं होतं, नवा चष्मा लागू पडला.

"परत टाकू का, आबा?"

"टाक."

मिनिटभराचं काम. अक्षरं पुन्हा मोठी झाली, सगळं वाचता येतं. पण ही सुदामनं टाकलेली आहे. तिनं टाकलेली मी माझ्या हातानं काढली.