न नांगरलेल्या वावराचे नाना

आज ज्यांची पंचाहत्तरी आपण साजरी करतो आहोत त्या डॉ. यशवंतराव बोरसे यांना, म्हणजे आपल्या सर्वांच्या नानांना, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते. मी मृदाशास्त्र शिकायला धुळ्यात नुकतीच आले होते. त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?" मी म्हटलं, "पहूर." "मग उतरा खाली. पहूरची माणसं काठावर उभी राहत नाहीत." पहूरची अशी ख्याती मी तरी कधी ऐकली नव्हती, पण उतरले.

तो खड्डा दोंडाईचाजवळच्या त्यांच्या वडिलोपार्जित बरड वावरातला. तिथे नानांनी हत्तीगवत लावलं होतं. एकदा लावलं की हे गवत वर्षानुवर्षं राहतं. वरचं कापून गॅस प्रकल्पाला द्यायचं, खालच्या मुळ्यांना हात लावायचा नाही. मुळ्या जुन्या होऊन कुजतात आणि गवताने हवेतून घेतलेला कार्बन सेंद्रिय कर्ब होऊन मातीत मुरतो. किती मुरतो, किती खोल जातो आणि तिथे टिकतो का, हे मोजण्यात नानांनी उमेदीची वर्षं घातली. अट एकच, नांगर लावायचा नाही. माती उलटली की साठलेला कर्ब पुन्हा हवेत जाऊ लागतो.

आता आमच्या खानदेशात उन्हाळ्यात वावर न नांगरणं म्हणजे दिवाळीला घर न झाडण्यासारखं. गावाने नानांना आळशी ठरवून टाकलं होतं. नाना ते हसण्यावारी नेत.

माझं लग्न झाल्यावर शेतावरची कामं सुटतात की काय, अशी वेळ आली. नाना स्वतः माझ्या सासरी आले, शेवभाजीत भाकरी कुस्करून पोटभर जेवले आणि सासऱ्यांना गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या सुनेला मातीत घालायचं म्हणतो. परवानगी असावी." सासरे आधी दचकले, मग इतके हसले की नकार द्यायचं राहूनच गेलं. आज मी जी काही आहे ती त्या एका जेवणामुळे, हे मी कुठेही सांगेन.

पण नाना मला खरे कळले ते एका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास. जळगावचं एक लग्न आटोपून आम्ही वावरावर पोहोचलो, तर शेजारचे हिरामणआबा बांधावर हसतमुख उभे.

"नाना, नांगरी टाकं तुमनं वावर! अर्धं व्हयनं, ऱ्हायेल उद्या करसूत. इतला शिकेल मानूस, आनि वावर पडीत. बरं दिखस का?"

शेजारधर्म म्हणून आबांनी आपला ट्रॅक्टर घातला होता. अर्ध्या वावरातले गवताचे ठोंब मुळ्या वर करून उन्हात पडले होते. मला रडू आवरेना. नानांनी एक ठोंब उचलून त्याच्या मुळ्या पाहिल्या. मग आबांना शेजारी बसवून म्हणाले, "आबा, गवत वर दिखस, पन मनी कमाई खाले शे. नांगर लागना का ती उडी जास."

आबांचा चेहरा उतरला. "मंग मी तुमनं बठ्ठं वाटोळं करं?"

"नही आबा. नांगर लागना ते काय व्हस, हाई दखानी मनी हिंमत नव्हती. ते तुम्ही करी दिधं."

स्वतः नांगरून पाहायची हिंमत नव्हती, हे नाना नुसतं आबांची समजूत काढायला म्हणाले नव्हते. नानांनी दुसऱ्याच दिवशी नांगरलेल्या पट्ट्यातली माती तपासायला घेतली. पावसाळा लागला तेव्हा आबांनी स्वतः तिथे नवे ठोंब लावले. वर्षानुवर्षांची कर्बाची पुंजी किती भराभर उडते आणि परत यायला किती वेळ घेते, हे आज आपण विद्यार्थ्यांना शिकवतो ते त्याच पट्ट्याच्या आधारावर. रागवायचा पूर्ण हक्क असताना नानांनी माणूस आणि काम दोन्ही सांभाळलं. मला ते अजूनही जमत नाही.

तो पट्टा शेजारच्या न नांगरलेल्या अर्ध्याच्या बरोबरीला अजून आलेला नाही. नाना पंचाहत्तरीतही दर वर्षी तिथे खड्डा घेतात. आता हे काम आमच्यावर सोपवा, असं मी परवा सुचवलं, तर म्हणाले, "तो भरून आल्याशिवाय मी हलत नाही."

नाना, तुमची शिष्या म्हणून आता एक अशास्त्रीय इच्छा सांगते. तुमची तब्येत ठणठणीत राहो, आणि त्या मातीने भरून यायला मुळीच घाई करू नये.