हळद लागलेला खुलासा

वकिलीची सनद मिळून मला जेमतेम चार महिने झाले होते. डहाणूत एका ज्येष्ठ वकिलांच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, ऑफिसात मी शिकत होते. अच्छाडला हायवेलगत भाकरी-भाजीची टपरी चालवणाऱ्या एक मावशी होत्या. टपरी का हटवू नये, याचा लेखी खुलासा द्या, अशी ग्रामपंचायतीची नोटीस त्यांना आली होती. त्याच संध्याकाळी मी घरी निघालेली असताना त्यांनी मला ऑफिसच्या दारातच गाठलं. मी पहिलं पान वरवर वाचलं, दोन्ही पानांचे फोटो काढले आणि सांगून टाकलं, "महिनाभर वेळ असतो मावशी. निवांत राहा."

सहाव्या दिवशी फोटो सरांना दाखवले. दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: सात दिवसांत.

"पण सर, मी फी कुठे घेतली? जाता जाता सांगितलं."

"वकील म्हणूनच तुला विचारलं ना त्यांनी? तुझ्या शब्दावर विसंबून त्यांची टपरी गेली, तर नुकसानभरपाईचा दावा तुझ्यावर येऊ शकतो. आणि दावा नाही आला, तरी टपरी गेलेलीच असेल."

मावशींचा फोन लागेना. स्कूटर काढून अच्छाड गाठलं, तर टपरी बंद. शेजारचा ढाबेवाला म्हणाला, "भाचीच्या लग्नाला वेवजीला गेल्या. वकीलबाईंनी महिना आहे म्हणून सांगितलंय ना!"

मी स्कूटर तशीच वेवजीकडे वळवली.

वेवजीत हळद रंगात आली होती. मावशी बायकांच्या घोळक्यात नाचत होत्या. "या, या, वकीलबाई!" म्हणत त्यांनी माझेच गाल पिवळे केले. मी कशीबशी बोलले, "मावशी, माझं चुकलं. नोटीस नीट न वाचताच तुम्हाला सांगितलं. उद्या शेवटचा दिवस आहे."

त्यांनी मला घोळक्यातून बाजूला ओढलं. मग म्हणाल्या, "उद्या ना? मग आज लिही की, बाय!"

मांडवातच पाटावर कागद ठेवून मी लिहायला बसले. मावशी सांगत होत्या, बाकीच्या बायका मधेच दुरुस्त करत होत्या. सही करताना कागदावर पिवळी बोटं उमटली. त्यानंतर मला कुणी सोडेना. कोर्टाच्या कपड्यांतच मीही नाचले.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला.

"हे काय लागलंय?"

"हळद."

तो हसला आणि पोच दिली.

पुढे टपरी चार पावलं मागे घ्या, एवढंच ठरलं. नव्या जागी ती सुरू झाली त्या दिवशी सरही आले आणि मागून मागून तीन भाकऱ्या जेवले.