आधी तुम्ही उतरा

बाबांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, माझं शेवटचं बोलणं म्हणजे भांडणच. हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबवली, मागे इतर गाड्या खोळंबलेल्या, आणि हे आपले पट्टा लावून ढिम्म. "आधी तुम्ही उतरा." मी चिडले, "बाबा, पेशंट तुम्ही आहात!" तरी नवरा, लेक आणि मी उतरल्यावरच त्यांचा पट्टा सुटला. तिसऱ्या दिवशी ते गेले... त्याला आता सहा आठवडे झाले.

इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीत, ते आमच्याकडे बारा वर्षं राहिले आणि बारा वर्षं हेच. लेकीची शाळा असो की शॉपिंग सेंटरचं पार्किंग, गाडी रिकामी झाल्याशिवाय हा माणूस हलायचा नाही. मला वाटायचं, जुन्या साहेबाचा तोरा, दुसरं काय! एकाहत्तरच्या लढाईत ते बॉम्बरचे पायलट होते, पण त्याचं कौतुक त्यांनी आम्हाला कधी करूच दिलं नाही. विचारलं की एवढंच, "लँडिंग चुकलं, विमान मोडलं, पाठ मोडली. मग मला ऑफिसातल्या टेबलाला बांधलं." लेक मैत्रिणींना सांगायची, "माय आजोबा क्रॅश्ड अ प्लेन!" आणि सगळ्यात मोठ्यांदा तेच हसायचे.

तेराव्याला नाशिकहून सोमणकाकांचा व्हिडिओ कॉल आला. त्या विमानात दोघंच होते, बाबा आणि हे नॅव्हिगेटर. मी सहज म्हणाले, "ते चुकलेलं लँडिंग ना?" काका उसळलेच. "चुकलेलं? अगं, आम्हाला गोळा लागला होता, एक चाक उतरेना. विमानातून उडून बाहेर पडायची खुर्ची फक्त पायलटला. माझी मांडी फुटलेली, मला दारातून उडी मारणं शक्यच नव्हतं. मी ओरडलो, सर, तुम्ही निघा! तर म्हणतात कसे, 'सोमण, आधी तू उतरायचं.'" विमान पोटावर घासत गेलं. बाबांच्या पाठीचे दोन मणके गेले, पुढचं सगळं उडणं गेलं. पण काकांना लोकांनी बाहेर काढेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

फोन ठेवून मी ढसाढसा रडले. अभिमानाने ऊर भरून आला होता आणि स्वतःचा रागही येत होता. अहो बाबा, बारा वर्षं माझी बोलणी खाल्लीत, एकदा सांगायचं तरी...

काल लेकीला शाळेतून घेऊन आले. घरासमोर गाडी थांबली आणि माझा हात पट्ट्यापाशी जाऊन थबकला. म्हटलं, "आधी तू उतर." तिने माझ्याकडे पाहिलं, मग दप्तर घेऊन उतरली. दार लावलं, फिरून माझ्या बाजूला आली आणि काचेवर टकटक केली.

"नाऊ यू, आई."