तीन रात्रींचं रेग्युलेशन

नोकरी करणाऱ्या मुलींच्या त्या वसतिगृहात देवाच्या खालोखाल भीती होती ती रेक्टरबाईंची. काही मुली तर ‘खालोखाल’ हा शब्दही गाळत. बाईंचा आवाज मोठा नव्हता, हात कधी कुणावर उगारला नव्हता. त्यांचा सगळा दरारा मोजक्या इंग्रजी शब्दांवर उभा होता.

या शब्दांची बाईंनी उतरंडच रचली होती. सगळ्यात खाली रिक्वेस्ट. ती बाई करत नसत. ज्याच्या हातात काही नसतं तो रिक्वेस्ट करतो, असं त्यांचं मत. तिच्यावर इन्स्ट्रक्शन. गीझर बंद करा, नळाखाली बादली लावून फोनवर बोलत बसू नका, या इन्स्ट्रक्शन. विसरलात तर बोलणी खाल. त्यावर रूल. रात्री गेट बंद झालं की झालं, हा रूल. तो मोडला की दंड, पण कारण पटलं तर बाई दंड माफ करत आणि त्या माफीला परमिशन म्हणत. आणि सगळ्यांच्या डोक्यावर रेग्युलेशन. ते कमिटीत मंजूर होतं, त्यावर शिक्का बसतो, आणि मग ती काळ्या दगडावरची रेघ. “रूल माझ्या हातात आहे,” बाई नव्या मुलीला पहिल्याच दिवशी समजावत, “पण रेग्युलेशनच्या हातात मी आहे.” नवी मुलगी मान डोलवी आणि वर जाऊन आधी गीझरचं बटण कुठे आहे ते बघून ठेवी.

मुलींच्या अंगी हे शब्द इतके मुरले होते की बाहेरही त्या याच मापाने बोलत. बँकेतल्या मुलीने आपल्या होणाऱ्या नवऱ्याला बजावलं होतं, रोज फोन करणं हा रूल आहे, एखाद्या दिवशी चुकला तर बघू. पण माझ्या आईशी नीट बोलणं हे रेग्युलेशन.

पाहुण्यांचं रेग्युलेशन मात्र बाईंचं स्वतःचं अपत्य. मागे एका मुलीची आत्या ‘जरा दोन दिवस’ म्हणून आली आणि ऋतू पालटला तरी हलायचं नाव घेईना. वर पंख्याचा रेग्युलेटर कितीवर ठेवायचा यावरून तिने मजलाभर भांडणं लावून दिली. बाईंनी कमिटीपुढे ठराव ठेवला: वसतिगृहात राहणाऱ्या कुणाहीकडे पाहुणीला तीन रात्री मुभा, मग तिने त्याच व्यक्तीकडे वर्षभर फिरकायचं नाही. रेक्टरलाही हेच लागू, हे शेवटचं वाक्य बाईंनी आग्रहाने घातलं. करणाऱ्याने स्वतःला वगळलं की नियमाला कुत्रंही विचारत नाही, असं त्यांना मनापासून वाटे. शिक्का बसला, आत्या गेली, बाई धन्य झाल्या.

आणि मग बाईंच्या भावाची बदली परदेशी झाली. आजवर आई त्याच्याकडे असे. तो तिला ट्रंकेसकट बाईंच्या दारात सोडून गेला आणि जाता जाता म्हणाला, “तुझ्याकडे नसेल जमत, तर एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. लांब आहे, पण हवा चांगली आहे.”

बाईंना घर असं नव्हतंच. नोकरीसोबत मिळालेली गेटजवळची एक खोली, तेवढंच. लग्न केलं नव्हतं, दुसरीकडे बिऱ्हाड थाटावं एवढा पगार नव्हता. तीन रात्री आई शेजारी झोपली आणि तिन्ही रात्री बाईंचा डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी आईच्या साड्यांच्या घड्या करायला घेतल्या.

“अगं, मग सांग की तुझ्या त्या कमिटीला,” आई म्हणाली.

“सगळ्यांना एक आणि मला एक, असं नाही करता येत आई.”

“लहानपणी बाहुल्यांनासुद्धा रांगेत उभं करायचीस,” म्हातारी म्हणाली. “एक पडली की बाकीच्यांना शिक्षा. दे ती ट्रंक इकडे, घडी मोडतेयस तू.”

एवढ्यात दारात वरच्या मजल्यावरची नर्स मुलगी उभी राहिली. मागे जिन्यावर आणखी चारपाच डोकी.

“मॅडम, आजपासून आजी माझ्या पाहुण्या. तीन रात्री.”

“ही पळवाट आहे,” बाई म्हणाल्या.

“नाही मॅडम, रेग्युलेशन आहे. माझ्याकडे त्या या वर्षी आलेल्या नाहीत.”

बाईंनी तो ठराव मनातल्या मनात उलटासुलटा वाचला. सगळी भोकं त्यांनी बुजवली होती, पण ट्रंकेसकट एक आई आत येईल एवढं भोक राहूनच गेलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी मान हलवली, आणि चौघींनी ट्रंक वर नेलीसुद्धा.

तेव्हापासून म्हातारी खोल्याखोल्यांतून फिरू लागली. नर्सकडे तिने गुडघ्यांचे व्यायाम शिकून घेतले आणि केले नाहीत. बँकेतल्या मुलीच्या शेजारणीकडे असताना तिने त्या होणाऱ्या नवऱ्याला फोनवर असं काही झापलं की तो दुसऱ्या दिवशी आजींसाठी फळं घेऊन आला. तिला ठेवून घेण्याच्या पाळीवरून मुलींत भांडणं लागली. ज्यांच्याकडे ती येऊन गेली होती त्या तर चक्क हळहळत.

बाई खाली बसून वरचं हसणं ऐकत. त्या तीन दिवसांच्या सवयीने दोन कप चहा करत आणि दोन्ही स्वतःच पीत. हेवा वाटायचा त्यांना, दुसरं काही नाही. आपली आई आपल्याच छपराखाली आहे आणि आपल्याला सोडून सगळ्यांची आहे, हे त्यांना सोसवेना.

एका दुपारी जिन्यात आईची काठी खडखडत खाली आली. मागून आई आली नाही, कारण तिने कठडा घट्ट धरला होता. ती नुसती “काठी दे गं वर” म्हणाली. बाईंनी काठी वर नेऊन दिली, चपला घातल्या आणि तडक कमिटीच्या अध्यक्षबाईंचा दवाखाना गाठला.

अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. बाईंना थांबायचा धीर नव्हता. त्यांनी तिथेच उभ्याने सगळं सांगून टाकलं.

“मग हे काय समजायचं?” अध्यक्षबाईंनी विचारलं. “अमेंडमेंट? स्पेशल परमिशन?”

वाटेत बाईंनी सगळे शब्द लावून बघितले होते. एकही बसत नव्हता.

“रिक्वेस्ट आहे,” त्या म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. “इतकी वर्षं तुम्ही आणलेल्या प्रत्येक ठरावावर आम्ही सह्या केल्या,” त्या म्हणाल्या, “कारण तुम्हाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. शनिवारी बैठक लावते. पण आईंना आजच खाली आणा. बाकीच्यांचं मी बघते.” खुर्चीतल्या गृहस्थांनी आ वासलेल्या तोंडाने जमेल तेवढी मान हलवली.

बाई परतल्या त्या थेट वर गेल्या. आई बँकेतल्या मुलीच्या पलंगावर बसून तिची वेणी घालत होती.

“आई, चल खाली. आता कायमची माझ्याकडे.”

“कालच आलेय मी इथे,” म्हातारीने वर न बघता सांगितलं. “अजून दोन रात्री आहेत माझ्या.”

“अगं, ते रेग्युलेशन आता...”

“तूच केलंस ना? मग पाळ.”

खोलीतल्या मुली एकदम जमिनीकडे बघू लागल्या. बाई उंबरा ओलांडून आत आल्या. मग पुढे होऊन पलंगाशी बसल्या.

“आई, रिक्वेस्ट आहे.”

म्हातारीने वेणीला रबर लावलं आणि फणी बाजूला ठेवली.

“हे पहिल्याच दिवशी म्हणाली असतीस, तर एवढे जिने चढावे लागले नसते मला,” ती म्हणाली, आणि उठायला हात पुढे केला.