खोडलेला खांदा

मुलांच्या पुस्तकासाठी धानाच्या रोवणीला निघालेली बाई काढायची होती. माझ्या चित्रांतली माणसं खांबासारखी उभी राहतात, अशी तक्रार जुनीच होती. म्हणून या वेळी आईलाच समोर उभं केलं. रामटेककडच्या शेतात तिनं जन्मभर धान रोवलं, आता शहरात, प्रतापनगरला माझ्याकडे राहायची. पदर खोचून, रोपांऐवजी मेथीची जुडी हातात धरून ती हॉलमध्ये उभी राहिली.

कागदावर तिचा डावा खांदा सारखा खाली उतरायचा. तीनदा खोडला, तीनदा तसाच आला. शेवटी मी तिच्यावरच खेकसलो, "आई, सरळ उभी राहा ना!"

"काहून ओरडून राहिला गा? सरळच त उभी आहो मी."

मी शहाणा. शरीररचनेचं पुस्तक उघडलं आणि दोन्ही खांदे एका रेषेत आणले. चित्र सगळ्यांना आवडलं.

दिवाळीनंतर तिला चालवेना. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "खुबा केव्हाचा झिजलाय. एका बाजूला झुकून उभ्या राहत असतील. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

आलं होतं. मी ते रबरानं खोडलं होतं.