मागं घेतलेली मान

तापल्या लोखंडाचा वास आला की निमोण्याचे लोहार आप्पा आठवतात. मी शिरूरजवळच्या कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी साहेबांबरोबर पहिल्यांदाच गोल्फ खेळायचं होतं, आणि सरावात माझा चेंडू कायम उजवीकडे भरकटायचा. हसं होऊ नये म्हणून एक वापरलेली स्टिक विकत आणली, तर तिचं लोखंडी पातं दांड्याच्या रेषेपेक्षा किंचित मागं दिसलं. पात्याजवळची मान वाकली असं समजून ती सरळ करायला मी आप्पांकडे नेली. भाता थांबवून त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली. “वाकली न्हाई सायेब, मुद्दाम मागं घेतलीय. हात म्होरं जातो, पातं मागनं येतं, तवर त्ये सरळ व्हतंय. खुरपं बघितलंय का कवा?” “मग ठोकायचं नाही?” “मी ठोकीन की! पर आधी मारून तर बघा.” बाजरी काढलेल्या रानात मी खिशातला चेंडू ठेवून मारला. तो नाकासमोर उडून पलीकडच्या उसात शिरला. “आप्पा, सरळ गेला!” “व्हय, आता तुमीबी सरळ जाऊन हुडका.” दुसऱ्या दिवशी माझे सरळ फटके पाहून साहेबांनी विचारलं, “कोच कुठले?” मी म्हणालो, “निमोण्याचे.” ती अकादमी ते अजून शोधत असावेत.