टोरीच्या तेलाची ट्रायल

आमची तेलाच्या शेडवाली जुनी मंडळी आमगावला भेटली की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा तोंड उघडतो. घरी जायला उशीर होतो तो असा!

लढाईचा काळ होता. दिव्याला रॉकेल मिळेना. म्हणून सालेकसाच्या जंगल डेपोत मोहाच्या बियांचं, म्हणजे टोरीचं, तेल काढायचं ठरलं. एकाच शेडमध्ये तीन तऱ्हा: सुखदेव तेल्याचा बैलघाणा, फुलोबाईचा लाकडी पाटा आणि गोंदियाहून आलेलं लोखंडी मशीन. नागपूरचे साहेब ट्रायल घेणार होते. मशीन जिंकलं की घाणा अन् पाटा बंद! दोघांच्याही घरची चूल त्या शेडवर पेटायची. मी डेपोचा कारकून, पण जीव माझाही टांगणीला लागला होता.

* * *

मशीन चालवायला रामलाल मिस्त्री आला. पहिल्याच दिवशी त्याने स्क्रू असा आवळला, की तेलाची पिचकारी थेट आमच्या हेडक्लार्कच्या, बडेबाबूंच्या, पांढऱ्या धोतरावर!

बडेबाबू ओरडले, "हे काय?"

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "तेल तो निकला ना, साहब!"

* * *

सुखदेवचा बैल आयुष्यभर डोळ्यांना झापड लावून गोल फिरलेला. एकदा दुपारी त्याला सोडलं, तर हा चारा सोडून मशीनभोवती फेऱ्या मारू लागला. मिस्त्री हसून हसून खाली बसला.

सुखदेव म्हणाला, "हसतोस कायले? मशीन नवीन आहे, त्याले काम शिकवून राहिला!"

* * *

हिवाळ्यात एका सकाळी मिस्त्रीने बोंब ठोकली, "मेरा तेल चोरी हो गया! डिब्बे में किसीने घी भर दिया!" सगळे धावले. डब्यात पिवळंधमक काहीतरी घट्ट बसलेलं.

टोरीचं तेल थंडीत थिजतं, हे गोंदियाच्या माणसाला कुठून ठाऊक असणार! सुखदेवने डबा उन्हात ठेवला अन् म्हणाला, "मशीनचं तेल शहरातलं आहे. उशिरा उठते."

* * *

फुलोबाईचा पाटा म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन जाड लाकडं. टोरी कुटायची, वाफवायची, बांबूच्या टोपलीत भरून मधे ठेवायची आणि वरच्या लाकडावर माणूस बसवायचा. ते काम तिच्या नवऱ्याचं, बुधरामचं. बुधराम म्हणजे नुसती काडी!

मी विचारलं, "बाई, दगड काऊन नाही ठेवत?"

"ठेवतो ना. हा बसला तर लाकडाले पत्ताही नाही लागत!"

* * *

ट्रायलचा दिवस उजाडला. साहेब अंगाने चांगलेच भरदार. त्यांनी नियम सांगितला: टोरीच्या टोपल्या सारख्या, वेळ सारखी आणि पाट्यावर दगड नाही, फक्त बुधराम! म्हणजे पाटा गेलाच!

काम सुरू झालं. साहेबांना मशीन नीट बघायचं होतं. खुर्ची ऑफिसात राहिलेली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सावलीत एका लाकडावर बुधराम बसला होता. साहेबांना पाहून तो उठू लागला.

"अरे, बस बस," म्हणत साहेब रुमाल अंथरून त्याच्या शेजारी बसले!

ते लाकूड पाट्याचं आहे, हे साहेबांना सांगणार कोण? साहेब मशीनकडे तोंड करून बसून राहिले आणि खाली पाट्यातून तेलाची धार लागली.

वेळ संपली. तिन्ही भांडी साहेबांसमोर आणली. घाणा थोडाच मागे, पण पाटा मशीनच्या बरोबरीला!

"कमाल आहे!" साहेब म्हणाले. "मग बंद कशाला करायचं? तिन्ही चालू राहू द्या."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! सुखदेवने तर बैलाच्या गळ्यालाच मिठी मारली.

साहेब रुमाल झटकायला उठू लागले. फुलोबाईने लगबगीने पाट्याखाली दुसरं भांडं सरकवलं अन् म्हणाली,

"बसा ना साहेब, अजून निघून राहिलं!"